तीन विरुद्ध तीन

पद्माकर देवस्थळींना आयर्लंडमध्ये येऊन सतरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडावर कुणी "तुमचं चुकलं" म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यात थोडा गर्व होता, पण बराचसा भाग त्यांच्या कामाचा होता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायचे स्टेंट जिथे बनतात, अशा कारखान्यात ते तपासणीचे कागद बघायचे. मशीनने काम नीट केलं की नाही हे दुसरे लोक तपासायचे, आणि त्या लोकांनी तपासणी नीट केली की नाही हे पद्माकर तपासायचे. एखाद्या फॉर्मवर तारीख उलटसुलट पडली तरी ते तो परत पाठवत. आयरिश सहकारी त्यांना मागे काय म्हणत असतील ते असो, समोर मात्र सगळे त्यांचा मान ठेवत.

डब्लिनजवळ डून लेरीला समुद्रापासून दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं. बायको उल्का तिथल्याच एका दवाखान्यात रिसेप्शनला, आणि मुलगी सानिका मेनूथच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकत होती. तिकडून ती शुक्रवारी संध्याकाळी घरी यायची. घर, कारखाना आणि तिसरं म्हणजे मंडळ. पूर्व किनारा मराठी मंडळ आठ वर्षांपूर्वी रीतसर सुरू झालं, तेव्हा त्याची नियमावली पद्माकरांनी लिहिली होती. सगळे म्हणाले होते, गणपती आणि दिवाळी तर करायची, एवढं कशाला? पण पद्माकरांनी संसदीय पद्धतीची जाडी पुस्तकं वाचनालयातून आणली, तीन महिने खपून बावीस पानं मराठीत उतरवली आणि सर्वसाधारण सभेकडून मंजूर करून घेतली. नंतर ती कुणी उघडली नाही. उघडायची गरज नव्हती, कारण काही अडलं की लोक पद्माकरांना विचारत आणि ते तोंडपाठ सांगत.

मार्चमधल्या त्या शनिवारी कार्यकारी समितीची बैठक चेरीवूडच्या एका हॉलमध्ये होती. समिती सात जणांची. अध्यक्ष पद्माकर. उपाध्यक्ष चारुदत्त, त्यांचा नागपूरपासूनचा मित्र. चिटणीस क्षितिजा. मग चिप बनवणाऱ्या कंपनीतला हर्षवर्धन, मेनूथला रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या स्नेहलताबाई, कधीच कुठली बाजू न घेणारा इंद्रनील, आणि शुभदा.

विषय शुभदाचाच होता. मंडळाची शनिवारची मराठी शाळा ती नऊ वर्षं चालवत होती, म्हणजे मंडळ रीतसर होण्याच्याही आधीपासून. तिच्या वर्गात पोरं मांडी ठोकून बसायची, गोष्टी ऐकायची आणि उत्तरं मात्र डब्लिनच्या हेलात इंग्रजीत द्यायची. शुभदा त्यांना अडवत नसे. तिचं म्हणणं, आधी कान तयार होऊ देत. हर्षवर्धनला ते पटत नव्हतं. त्याला अभ्यासक्रम हवा होता, परीक्षा हवी होती, प्रमाणपत्र हवं होतं. त्याने लेखी प्रस्ताव दिला होता: शुभदा यांना शाळेच्या जबाबदारीतून मुक्त करावे आणि शाळेची फेररचना करावी.

पद्माकरांना प्रस्ताव मनातून पटला होता. नियमावलीप्रमाणे छोट्या समितीत अध्यक्षालाही इतरांसारखंच मत असतं, आणि आपलं मत कुठे जाणार हे त्यांनी ठरवलं होतं. शुभदाशी त्यांचं वाकडं काही नव्हतं. उलट सानिका तिच्या पहिल्या तुकडीतली. पण शाळा म्हटल्यावर काही मोजमाप नको का, असं त्यांना वाटायचं.

चर्चा अर्धा तास चालली. हर्षवर्धन बोलला, चारुदत्त विरोधात बोलला, क्षितिजाही बोलली. शुभदा काहीच बोलली नाही. कोटही न काढता ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. बिचारीला लागलंय, असं सगळ्यांनी धरलं.

"मतदान घेऊया," पद्माकर म्हणाले. "त्याआधी एक. प्रस्ताव शुभदाबद्दल आहे, तेव्हा तिला यात मत देता येणार नाही. हा माझा निर्णय."

हे बोलताना त्यांना क्षणभरही अडखळायला झालं नाही. कारखान्यात स्वतःच्या कामावर स्वतः सही करता येत नाही. सतरा वर्षं ते हेच लोकांना बजावत आले होते.

शुभदाने मान वर केली. "मला मत नाही?"

"तुझाच विषय आहे ना. त्यात वाईट वाटून घेऊ नकोस."

पद्माकर पुढचं वाक्य बोलणार एवढ्यात चारुदत्त म्हणाला, "अध्यक्षांच्या निर्णयावर मी अपील करतो."

पद्माकरांना आधी वाटलं तो गंमत करतोय. चारुदत्त असं बोलणारा माणूस नव्हता. कॉलेजात दोघं एका खोलीत राहिले होते. डून लेरीतलं घर चारुदत्तनेच शोधून दिलं होतं, आणि दर रविवारी सकाळी दोघं बंदराच्या धक्क्यावर शेवटच्या दिव्यापर्यंत चालत जायचे. हॉटेलात भाजी खारट आली तरी हा माणूस वेटरला काही बोलत नसे. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो पद्माकरांकडे न बघता टेबलाकडे बघत होता.

"काय म्हणालास?"

"अपील. तुमच्या नियमावलीत आहे तसं." त्याने "तुमच्या" म्हटलं. एरवी दोघांत अरे-तुरे होतं.

"अनुमोदन," क्षितिजा लगेच म्हणाली.

पद्माकरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरीही रीत त्यांना पाठ होती आणि त्या रीतीनेच त्यांना सावरलं. अध्यक्षाच्या निर्णयाविरुद्ध अपील झालं आणि त्याला अनुमोदन मिळालं, की तो निर्णय एकट्या अध्यक्षाचा राहत नाही, समितीला विचारावं लागतं. प्रश्न असा मांडायचा: अध्यक्षांचा निर्णय कायम ठेवावा का? अध्यक्षालाही त्यावर मत देता येतं. आणि दोन्हीकडे सारखी मतं पडली तर निर्णय कायम राहतो, कारण तो उलटवायला बहुमत लागतं. हे सगळं त्यांनी कोरड्या आवाजात सांगितलं. शुभदाने विचारलं, "यात तरी मत आहे का मला?" तेव्हा ते म्हणाले, "यात आहे. हा प्रश्न माझ्या निर्णयाचा आहे, तुझा नाही."

कायम ठेवावा म्हणणारे हात: हर्षवर्धन, स्नेहलताबाई. कायम ठेवू नये: चारुदत्त, क्षितिजा, शुभदा. इंद्रनील तटस्थ. क्षितिजाने पेन थांबवून पद्माकरांकडे पाहिलं. दोन विरुद्ध तीन. पद्माकरांनी स्वतःचा हात वर केला.

"तीन विरुद्ध तीन," क्षितिजा म्हणाली. "निर्णय कायम."

मग मुख्य प्रस्तावाला जेमतेम मिनिट लागलं. शुभदाला सोडून मतदान झालं. बाजूने तीन, विरुद्ध दोन, इंद्रनील तटस्थ. प्रस्ताव मंजूर. शुभदा उठली, तिने शाळेच्या कपाटाची किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर गेली. चारुदत्तही तिच्या मागोमाग गेला. घरी परतताना नेहमी तो पद्माकरांच्या गाडीत असायचा. त्या दिवशी शेजारची सीट रिकामी होती, आणि पद्माकर सिग्नल हिरवा होऊनही मागच्या गाडीने हॉर्न देईपर्यंत थांबून राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. ते धक्क्यावर गेले नाहीत. न्याहारीला उल्काने पोहे केले होते आणि सानिका खुर्चीवर पाय घेऊन फोन बघत बसली होती. पद्माकरांनी कालचं सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, चारुदत्त असा वागला यावर घरचे तरी हळहळतील. सानिकाने फोन खाली ठेवला.

"बट बाबा, यू कान्ट जस्ट स्टॉप हर व्होटिंग," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र इंग्रजीतच. विद्यार्थी संघटनेत दोन वर्षं तिने अशाच बैठका पाहिल्या होत्या. तिने सांगितलं, की ज्याचा संबंध आहे त्याने स्वतःहून मत देऊ नये एवढंच म्हणता येतं, जबरदस्ती करता येत नाही. नाहीतर निवडणुकीत उभा राहिलेला माणूस स्वतःला मत कसं देईल?

"तुमच्या संघटनेत असेल तसं. आमची नियमावली वेगळी आहे."

"शुअर?"

ते उठले आणि आतल्या खोलीतली फाइल घेऊन आले. तिला पान दाखवावं आणि विषय संपवावा, एवढ्याच हेतूने. कलम शोधायला वेळ लागला नाही, पानांची जागा त्यांच्या बोटांना माहीत होती. त्यांनी वाचायला सुरुवात मोठ्याने केली.

"हितसंबंध असलेल्या सदस्याने मतदानापासून स्वतःहून दूर राहणे अपेक्षित आहे, मात्र..."

इथे त्यांचा आवाज थांबला. उरलेलं त्यांनी मनात वाचलं. मात्र अध्यक्ष अथवा समिती त्यास मतदानापासून रोखू शकणार नाही. मार्जिनमध्ये त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईने लिहिलेलं होतं: हे महत्त्वाचे.

त्यांनी पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. हे आपण लिहिलं होतं हे त्यांना आठवलंच नाही, आणि त्याहून भयंकर म्हणजे, आपल्याला आठवत नाही याची काल शंकासुद्धा आली नव्हती. तोंडपाठ आहे असं ते समजत होते ते नियमावलीतलं नव्हतंच. ते कारखान्यातलं होतं.

"काय झालं?" उल्काने विचारलं.

"माझं चुकलं," पद्माकर म्हणाले.

पुढचे काही तास त्यांच्या आयुष्यातले लाजिरवाणे होते, कारण ते त्यांनी पळवाट शोधण्यात घालवले. निर्णयावर अपील झालंय. ते फेटाळलं गेलंय. आक्षेप तिथल्या तिथे घ्यायचा असतो, नंतर घेऊन चालत नाही, असंही कलम होतं. म्हणजे गप्प बसलं तर कागदावर सगळं नीट होतं. कुणी ती बावीस पानं उघडणार नव्हतं. मग त्यांचं लक्ष त्याच कलमाखालच्या ओळींकडे गेलं. सदस्याला मतदानाचा हक्क नाकारला गेला असेल आणि त्याच्या मताने निकाल बदलू शकला असता, तर तो निर्णय रद्दबातल. अशा आक्षेपाला मुदत नाही. तीन विरुद्ध दोन झालं होतं. शुभदाचं मत विरोधात धरलं तर तीन विरुद्ध तीन, आणि बरोबरीत प्रस्ताव पडतो. आणि अपिलातली बरोबरी? ती त्यांच्याच हाताने झाली होती. आपला चुकीचा निर्णय आपणच आपल्या मताने तारला होता. स्वतःच्या कामावर स्वतः सही केली होती, त्याच बैठकीत, तेच शुभदाला नाकारून.

दुपारी ते चारुदत्तकडे चालत गेले. दोन गल्ल्या पलीकडे. चारुदत्तने दार उघडलं आणि बाजूला झाला.

"तू नियमावली वाचली होतीस?" पद्माकरांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"नाही रे. तुझी नियमावली कोण वाचतं?"

"मग अपील कसं केलंस?"

"तू मतदान म्हणालास ना, तेव्हा तिचा हात उठायला लागला होता. इतका." त्याने मांडीपासून वीतभर हात वर करून दाखवला. "मग तू म्हणालास मत नाही, आणि तिने तो परत मांडीवर ठेवला. मला ते बघवलं नाही. अपील असं काहीतरी असतं एवढं तुझ्याचकडून ऐकलं होतं."

पद्माकर खाली बसले. आपल्या मित्राला एकही कलम माहीत नव्हतं आणि त्याचं बरोबर होतं. आपण ती सगळी लिहिली होती, आणि आपलं चुकलं होतं. चारुदत्तने चहा टाकला.

दोन आठवड्यांनी खास बैठक झाली. सातही जण आले. शुभदा येईल की नाही अशी पद्माकरांना धास्ती होती, पण ती सगळ्यांत आधी येऊन बसली होती. पद्माकरांनी उभं राहून लिहून आणलेला कागद वाचला. "मागच्या बैठकीत मी शुभदा यांना मत देऊ दिलं नाही. तो अधिकार मला नव्हता. नियमावली माझी आहे आणि ती मी मोडली. त्यामुळे ते मतदान रद्द ठरतं. ते आज पुन्हा घ्यायचंय, आणि त्यात सगळ्यांना मत आहे. शुभदा, मी तुझी माफी मागतो."

हर्षवर्धन थक्क होऊन त्यांच्याकडे बघत होता. "सर, असं कसं? अपील झालं होतं. तुमचा निर्णय कायम झाला. आता तुम्हीच उलटवणार?"

"अपिलाने सदस्याचा हक्क काढून घेता येत नाही. समितीलासुद्धा नाही."

"मग मी ह्या निर्णयावर अपील करतो."

"तुझा हक्क आहे. अनुमोदन कोण देतंय?"

हर्षवर्धनने स्नेहलताबाईंकडे पाहिलं. मागच्या वेळी दोन्ही मतदानांत त्या त्याच्या बाजूने होत्या. स्नेहलताबाई पेनाचं टोपण काढत आणि लावत होत्या. "मला शाळेत परीक्षा हवीय, हर्षवर्धन," त्या शेवटी म्हणाल्या. "पण हे असं नकोय." अनुमोदन मिळालं नाही, अपील तिथेच पडलं. हर्षवर्धन खुर्चीत मागे टेकला आणि त्याच्याकडे बघून पद्माकरांना वाटलं, दोन आठवड्यांपूर्वी आपण असेच दिसत असणार.

मतदान सुरू झालं. "प्रस्तावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावा."

हर्षवर्धनचा हात. स्नेहलताबाईंचा हात. आणि शुभदाचा.

क्षितिजाला वाटलं ऐकण्यात काही गफलत झाली. "शुभदाताई, हे बाजूने चाललंय."

"माहितीय मला." हात वरच होता. "मोज तू."

चारुदत्तचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. पद्माकरांनी टेबलाची कड धरली.

"मला मेनूथला शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश मिळालाय," शुभदा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तिने एकेक शब्द सावकाश उच्चारला. "चव्वेचाळिसाव्या वर्षी. तास शनिवारी असतात. शाळा मला सोडावीच लागणार होती. ह्या प्रस्तावाची नोटीस आली तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग ठरवलं, चर्चेत काही बोलायचं नाही. मतदानाला सगळ्यांसमोर हात वर करायचा, आणि मग सांगायचं, मी स्वतः जातेय, ह्या कारणासाठी जातेय. नऊ वर्षं केलंय मी ते काम. शेवटचा शब्द माझा असावा, एवढं वाटत होतं." ती पद्माकरांकडे वळली. "माझा हात कुठल्या बाजूने उठतोय, हे तुम्ही कुणीच विचारलं नाही, पद्माकरदादा. चारूदादांनीही नाही. सगळ्यांनी धरूनच चाललात."

दोन आठवडे पद्माकर चुकीच्या निर्णयाने खचले होते, तो कसा दुरुस्त करायचा हे घोकत होते, आणि त्या निर्णयाने नेमकं काय हिरावलं गेलं हे त्यांना आत्ता कळत होतं. तिची नोकरी नव्हती गेली, शाळाही नव्हती गेली. तिचा निरोप गेला होता. दोन आठवडे अख्ख्या गावात, प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, शुभदाला काढलं असंच बोललं गेलं होतं. त्यावर कुठल्याच कलमात उपाय नव्हता.

"विरोधात?" क्षितिजाने हळूच विचारलं. स्वतःचा हात वर करायचा की नाही हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने केला. चारुदत्तनेही केला. "निदान कागदावर तरी राहू दे," तो पुटपुटला. इंद्रनील तटस्थ. पद्माकरांनी या वेळी मत दिलं नाही.

बाजूने तीन, विरोधात दोन. आकडे अगदी आधीचेच होते. क्षितिजाने ते लिहिले आणि खाली, कुणी न सांगता, शुभदाचं बोलणं शब्दशः उतरवून घेतलं. पद्माकरांनी ते वाचून त्याखाली सही केली, आणि हे इतिवृत्त सगळ्या सभासदांना जाईल असं जाहीर केलं. मग अध्यक्षपदाचा राजीनामा पुढे केला. तो कुणी घेतला नाही. हर्षवर्धनच म्हणाला, "सर, राहू द्या. आता कुणीतरी हे सगळं कळणारं हवं." पद्माकरांना यात टोमणा आहे का ते कळलं नाही. बहुधा नव्हता.

मेच्या सुरुवातीला शाळेच्या हॉलमध्ये शुभदाचा निरोपसमारंभ झाला. पोरांनी कागदाचे हार केले, एकीने मराठीत चार ओळी वाचल्या आणि पाचवीला अडकून इंग्रजीत शिरली. शुभदा हसली, रडलीही. त्या दिवसापासून शाळा हर्षवर्धनकडे आली. पहिल्याच शनिवारी बावीस मुलांपुढे त्याचा घसा बसला, म्हणून दुसऱ्या शनिवारपासून पद्माकर त्याच्या मदतीला जायला लागले. परीक्षेचं अजून ठरलेलं नाही.

चारुदत्तबरोबरचं रविवारचं चालणं परत सुरू झालं. पहिल्या रविवारी दोघं अर्ध्या धक्क्यापर्यंत गेले. मग चारुदत्त म्हणाला, "मीही तिला विचारलं नाही रे," आणि पद्माकर म्हणाले, "हो."

समारंभानंतर सामान गाडीत ठेवताना पद्माकर शुभदाजवळ गेले होते. पुन्हा एकदा माफी मागायची होती, या वेळी कागद न वाचता. त्यांनी मागितली, जमेल तशी, वाक्यं अर्धी टाकत. शुभदाने डिकी बंद केली, हातरुमालाने बोटं पुसली आणि म्हणाली, "ग्रँड आहे, पद्माकरदादा. इट्स ग्रँड." मग गाडीत बसून ती निघून गेली.

इथली माणसं सगळं ठीक असतानाही ग्रँड म्हणतात, आणि आता हा विषय पुरे असं सांगायचं असलं तरी ग्रँडच म्हणतात. कुठलं कधी, हे पद्माकरांना सतरा वर्षांत नीट उमगलेलं नाही. ते हॉलच्या दारात उभे राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिले, आणि आत खुर्च्या उचलायला गेले.